क्रांती चौक टाळून

सिडकोतून वाळूजच्या कंपनीत जायचं तर जालना रोड हा सरळ रस्ता. सेव्हन हिल, आकाशवाणी, मोंढा नाका, अमरप्रीत, क्रांती चौक, पुढे बाबा पेट्रोल पंप आणि छावणीतून नगर नाका. आमच्या शहरातल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा, हाच रस्ता सांगेल. मी मात्र बराच काळ बीड बायपासने जात राहिलो. देवळाई चौक, महानुभाव आश्रम, गोलवाडी फाटा असा मोठा वळसा घालून, ट्रक आणि कंटेनरच्या मधून, मोटारसायकलवर. कुणी विचारलं तर सांगायचो, क्रांती चौकात फार ट्रॅफिक लागतं. खरं कारण वेगळं होतं. क्रांती चौकातल्या उड्डाणपुलावर आपण मरणार, अशी माझी खात्री झाली होती. त्या खात्रीपायी मी रोज ज्या रस्त्याने जात होतो, त्याच रस्त्यावरच्या अपघातांच्या बातम्या सकाळी पेपरात वाचत होतो.

याला चिंताविकार म्हणतात आणि माझा प्रकार पॅनिक अटॅकचा, हे आज मला माहीत आहे. ते कळायला जो वेळ गेला तो आजाराने घेतला नाही, माझ्या चुकांनी घेतला. त्याच चुका आता कंपनीतली तरुण पोरं, नात्यातल्या बायका करताना दिसतात, म्हणून हे लिहितो आहे.

२०२१ चा पावसाळा. कोरोनाची दुसरी लाट नुकतीच ओसरली होती. क्वालिटी विभागात माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी त्या एप्रिलमध्ये गेला. माझ्याच वयाचा. आम्ही त्याचं टेबल आवरलं, व्हर्निअर आणि मायक्रोमीटर स्टोअरला जमा केले आणि दुसऱ्या दिवशी डिस्पॅचच्या मागे लागलो. कुणी रडलं नाही. मीही नाही. रात्री झोपताना छातीवर हात ठेवून ठोके मोजायची सवय मला तेव्हापासून लागली, आणि मी ती कुणाला सांगितली नाही.

त्या संध्याकाळी घरी परतताना क्रांती चौकाच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या. पुढे एसटी, मागे छोटा हत्ती, दोन्ही बाजूंना रिक्षा. पाऊस भुरभुरत होता. काही कारण नसताना छातीत एकदम धडधड सुरू झाली. हेल्मेटच्या आत श्वास पुरेना. बोटांना मुंग्या आल्या, ओठांभोवती झिणझिण्या, पायांतलं बळ गेलं. समोरच्या एसटीचा नंबर दिसत होता पण वाचता येत नव्हता. डोक्यात एकच विचार, हार्ट अटॅक, आणि इथे अँब्युलन्सही पोचणार नाही. मी गाडी कठड्याला लावली, हेल्मेट काढलं आणि पूल पायी उतरलो. खाली एका रिक्षावाल्याने धरून बसवलं आणि दवाखान्यात नेलं.

ईसीजी काढला, रक्त तपासलं. रिपोर्ट येईपर्यंत सगळं ओसरलंही होतं. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर शांतपणे म्हणाला, "काका, हृदय चांगलं आहे. हा घबराटीचा झटका दिसतो. परत झाला तर एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घ्या."

तो बरोबर होता. पहिल्याच दिवशी बरोबर होता. आणि मी त्याच्यावर चिडलो. "मी काय वेडा आहे का?" असं मी त्याला सगळ्यांसमोर विचारलं. तो गप्प झाला. त्याचा तो उतरलेला चेहरा मला अजून दिसतो.

छातीत दुखलं, दम लागला तर आधी हृदय तपासायलाच हवं. त्यात माझं काही चुकलं नाही. चूक त्यापुढची. एका डॉक्टरने सांगितलं ते पटलं नाही म्हणून दुसऱ्याकडे गेलो, तिथून तिसऱ्याकडे. टू-डी इको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, पोटाची सोनोग्राफी. प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल आला की दोन-चार दिवस बरं वाटायचं, मग शंका डोकं वर काढायची. यांच्याकडून काही राहून तर गेलं नाही? मशीन जुनं तर नव्हतं? मला आजार सापडायला हवा होता, पण तो शरीरातलाच हवा होता. मनाचा आजार म्हणजे आपण कमी पडलो, असं मी धरून चाललो होतो. ते मी कुठे शिकलो, याचा पुढे खूप विचार केला.

एक उत्तर क्रांती चौकातच मिळालं. माझ्या लहानपणी म्हातारी माणसं त्याला काळा चबुतराच म्हणायची. १८५७ च्या उठावातल्या शिपायांना इथे देहदंड दिला, काहींना तोफेच्या तोंडी दिलं, ही गोष्ट आम्ही शाळेत ऐकली. ऐकताना त्या शिपायांच्या छातीत त्या वेळी काय होत असेल, हा प्रश्न आमच्या मनात आला नाही. ज्याला भीती वाटत नाही तो मर्द, एवढंच आम्ही घरी घेऊन गेलो. घरातही तेच होतं. वडील गेले तेव्हा मोठ्या काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "आता तू रडायचं नाही." मी अकरावीत होतो. नाही रडलो.

आणि याच चौकात मी गर्दीला कधी घाबरलो नव्हतो. ९ ऑगस्ट २०१६ ला पहिला मराठा क्रांती मोर्चा इथून निघाला तेव्हा मी मित्रांबरोबर त्यात चाललो. कुणी घोषणा देत नव्हतं, नजर पोचेल तिथवर माणसंच माणसं, सरकायलाही जागा नाही. माझा श्वास अगदी शांत होता. म्हणून पुलावरच्या त्या संध्याकाळनंतर मला वाटत राहिलं की माझ्यातलं काहीतरी कायमचं मोडलं आहे. ते झाकून ठेवायचं, एवढंच मला सुचलं.

झाकण्याचं काम फार मोठं असतं. आधी फक्त पूल सोडला. मग चौक सोडला. मग जालना रोडच. लग्नात शेवटच्या रांगेत, दाराजवळ बसू लागलो. लिफ्ट सोडली. केस कापताना गळ्याभोवती कापड बांधलं की उठून जावंसं वाटायचं, म्हणून न्हाव्याकडे जाणं लांबवायचो. खिशात गोळी, डिकीत पाण्याची बाटली, मोबाइलची बॅटरी पूर्ण, आणि ज्या रस्त्याने जायचं त्यावरचे दवाखाने तोंडपाठ. रविवारी बाहेर पडायचं झालं की मुलाला म्हणायचो, "चल रे, येतोस का जरा?" तो नववीत होता. बापाला कंपनी हवी आहे, असं त्याला वाटत असेल, हे मी धरून चाललो. तो ओळखून होता.

१८ फेब्रुवारी २०२२ च्या रात्री चौकात छत्रपती शिवाजी महाराजांच्या नव्या पुतळ्याचं अनावरण झालं. जुना पुतळा उड्डाणपुलापुढे ठेंगणा दिसायचा म्हणून शहराने वर्षानुवर्षं मागणी केली होती. आता चबुतऱ्यासकट ५२ फुटांचा अश्वारूढ पुतळा उभा राहिला. आमची अख्खी कॉलनी गेली. मुलगा भगवा फेटा बांधून दारात उभा राहिला आणि मी त्याला सांगितलं, कंपनीचा फोन येणार आहे, तू काकांबरोबर जा. फोनबिन काही येणार नव्हता. मी घरात बसून मोबाइलवर ते दृश्य पाहिलं. या आजारात मी बोललेल्या खोट्यांपैकी हे मला सर्वांत जास्त डाचतं.

गोळीचंही सांगतो, कारण ती चूक जिवावर बेतू शकते. कंपनीतल्या एकाने पाकिटातून काढून दिली, "ही घे, दहा मिनिटांत गार वाटेल." अल्प्राझोलम. खरंच गार वाटलं. मग ओळखीच्या मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय घेऊ लागलो. आधी अडीनडीला, मग रोज झोपताना, मग सकाळी निघतानाही. पूर्वी अर्ध्या गोळीने भागायचं, आता एक पुरेना. एकदा स्वतःचाच राग आला म्हणून एकदम बंद केली. हात कापायला लागले, घाम फुटला, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही आणि मी समजलो की आजार वाढला. तो आजार वाढलेला नव्हता, गोळी तुटल्याचा त्रास होता. ही औषधं रोज घेत असताना अचानक सोडली तर फिटसुद्धा येऊ शकते, हे मला पुढे मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं. त्यांनी ती थोडीथोडी कमी करत नेली आणि सवय न लावणारं दुसरं औषध रोज घ्यायला दिलं. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ते आठवडे धीराचे असतात.

पण मी तिथवर पोचलो तो मुलामुळे. दहावीच्या सराव परीक्षेआधी तो रात्री माझ्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "पप्पा, पेपर हातात आला की छातीत धडधड होते. आलेलं पण आठवत नाही."

जगात ज्या एका माणसाला त्याचं दुखणं आतून कळलं असतं, तो मी होतो. आणि मी म्हणालो, "टेन्शन घ्यायचं नाही. आपल्या घरात असलं काही नसतं." तो उठून गेला.

बायकोने स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. भांडी आवरून आली आणि आवाज न चढवता म्हणाली, "अहो, तुम्ही रोज निघताना पाण्याची बाटली तपासता, ती त्याला दिसत नाही असं वाटतं का तुम्हाला? मला पण दिसते. आम्ही दोघं ठरवून बोलत नाही."

त्या रात्री मी गच्चीवर जाऊन टेलिमानसला फोन लावला. १४४१६. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. फोन फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी नाव विचारलं, ते मी खोटं सांगितलं. बाकी सगळं खरं सांगितलं. त्या मधे न बोलता ऐकत होत्या. मग एवढंच म्हणाल्या, "दादा, हे बरं होण्यासारखं आहे. पण घरात बसून नाही होणार, कुणाला तरी भेटावं लागेल." जवळ घाटी या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे, खाजगी तज्ज्ञही आहेत, हेही सांगितलं.

देशातल्या बारा राज्यांत निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात असं दिसलं होतं की नैराश्य, चिंता यांसारख्या नेहमी आढळणाऱ्या मानसिक आजारांच्या शंभरातल्या सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. हा आकडा वाचताना आपल्या डोळ्यांसमोर आडवळणाचं गाव येतं, जिथे डॉक्टर नाही. मी विभागीय शहरात राहत होतो. सरकारी वैद्यकीय महाविद्यालय माझ्या घरापासून मोटारसायकलने थोड्याच अंतरावर. तरी मी त्या ८५ जणांतलाच होतो.

तरीही मी आधी चुकीच्या दारात गेलो. समुपदेशक अशी पाटी पाहिली आणि शिक्षण न विचारता फी भरली. दोन दिवसांचं शिबिर होतं. डोळे मिटून, मुठी आवळून 'मी निर्भय आहे' असं ओरडायचं. दोन दिवस अंगात वारं भरलं आणि तिसऱ्या दिवशी बायपासवर मी होतो तिथेच होतो. आज कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगतो: समोरच्याचं शिक्षण विचारा, त्यात संकोच करू नका. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर, ते औषध देऊ शकतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ औषध देत नाहीत, पण या विषयाचं रीतसर प्रशिक्षण घेतलेले असतात आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे त्यांची नोंद असते. मला दोघंही लागले.

मानसशास्त्रज्ञ मॅडमचं क्लिनिक समर्थनगरात निघालं, म्हणजे क्रांती चौकाच्या कुशीतच. मी फोनवर विचारलं, सिडकोकडे तुमची शाखा नाही का? "नाही. का बरं?" मी म्हणालो, सहज. मग पैठण गेटच्या बाजूने, गल्ल्यागल्ल्यांतून जाऊन चौक चुकवू लागलो. पहिल्या काही भेटींत मी त्यांना कामाचा ताण सांगितला, झोप येत नाही सांगितलं, पुलाबद्दल चकार शब्द काढला नाही. गोळीबद्दल तर नाहीच. मदत मागायला जायचं, पैसे मोजायचे आणि तिथेही दुखणं लपवायचं, याला काय म्हणावं? लाज माणसाला किती खोलवर धरते, ते मला तिथे कळलं. मला भीती होती की कंपनीत कळेल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखंच धरावं असं सांगितलं आहे, हे मला मॅडमकडूनच समजलं. कायदा होता. मला त्याची खबर नव्हती.

त्यांनीच एकदा विचारलं, "तुम्ही दर वेळी घामाघूम होऊन येता. गाडी कुठे लावता?" मी खरं सांगितलं. मग सगळंच बाहेर आलं. त्यांनी पाणी पुढे केलं नाही, टिश्यूचा डबा पुढे केला नाही, माझं संपेपर्यंत नुसत्या बसून राहिल्या.

पुढच्या भेटीत त्यांनी जे केलं त्याने माझे डोळे उघडले. त्यांनी आधी माझे रिपोर्ट पाहून घेतले. मग म्हणाल्या, "आता आपण दोघं मिळून भराभर, खोल श्वास घेऊ. मिनिटभर. घड्याळ मी बघते." मी हसून टाळू पाहिलं. त्या थांबल्या नाहीत, स्वतःच सुरुवात केली. अर्ध्या मिनिटात माझ्या बोटांना मुंग्या आल्या. मग ओठांभोवती झिणझिण्या, खोली लांब गेल्यासारखी, छातीत धडधड. जसंच्या तसं, पुलावरचं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि दाराकडे पाहिलं. "उठू नका," त्या म्हणाल्या. त्यांच्याही कपाळावर घाम होता. "माझी पण बोटं बधिर झाली आहेत. बघू या काय होतं." आम्ही बसून राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता. हळूहळू बोटं मोकळी झाली, खोली जागेवर आली. काहीच झालं नाही.

मग त्यांनी कागदावर समजावलं. भीती वाटली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं, ठोके आणि श्वास वाढतात. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. त्यानेच मुंग्या, झिणझिण्या, गरगर, आणि श्वास पुरत नाही ही जाणीवसुद्धा. म्हणजे पुलावर मला हवा कमी पडतच नव्हती, जास्त होत होती. डेव्हिड क्लार्क या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९८६ मध्ये हे चक्र मांडलं: शरीरात एखादा साधा बदल होतो, आपण त्याचा भयंकर अर्थ लावतो, त्या अर्थाने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते, आणि वाढलेली धडधड पाहून आपला अर्थ आणखी पक्का होतो. आमच्या शॉपफ्लोअरवर धुळीनेही आगीचा भोंगा वाजायचा. त्या वेळी आम्ही भोंगा तपासायचो, कारखाना सोडून पळत नव्हतो. मॅडमना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, हे वहीत लिहून ठेवा.

झटका बहुतेकदा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग उतरणीला लागतो. मी मात्र आजवर तो आपला आपण उतरताना पाहिलाच नव्हता. दर वेळी मी पळ काढला, गोळी घेतली, पाणी प्यायलो, बायकोला फोन लावला, आणि उतरल्याचं श्रेय त्या गोष्टींना दिलं. माझ्या मेंदूने त्यातून धडा घेतला की पूल खरंच धोक्याचा होता, पळालो म्हणून वाचलो. तपासण्या, वळसा, बाटली, खोटं बोलणं, सगळ्यांचं काम एकच. मी भीतीपासून स्वतःला वाचवत नव्हतो, भीतीला पोसत होतो.

"पण नुसतं बोलून कुणी बरं होतं का?" असं मी त्यांना एकदा स्पष्टच विचारलं. त्यांनी गोव्याच्या 'मानस' अभ्यासाचं सांगितलं. विक्रम पटेल आणि 'संगथ' या संस्थेच्या लोकांनी तिथल्या प्राथमिक दवाखान्यांत डॉक्टर नसलेल्या साध्या माणसांना समुपदेशनाचं प्रशिक्षण दिलं, आणि सरकारी दवाखान्यांत चिंता व नैराश्याचे रुग्ण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे जास्त संख्येने बरे झाले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. आपल्याच शेजारच्या राज्यातलं काम, आणि मला ते शिबिरात ओरडून झाल्यावर कळत होतं. विचार तपासायची जी वही मी भरत होतो, तिचं मूळ आरन बेक आणि अल्बर्ट एलिस यांच्या कामात आहे. एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धत मराठीत आणली ती कि. मो. फडके यांनी. माझ्या वहीत तीन रकाने होते: काय घडलं, मी मनात काय म्हणालो, प्रत्यक्षात काय झालं. दुसरा रकाना दर वेळी भरलेला, तिसऱ्यात दर वेळी 'काही नाही'.

मग चौकाचं काम सुरू झालं. पायऱ्या ठरल्या. आधी पहाटे पायी जाऊन पुतळ्यासमोर उभं राहायचं. मग संध्याकाळी. मग बायकोच्या स्कूटीवर मागे बसून पूल ओलांडायचा. मग एकट्याने, सकाळी. सगळ्यांत शेवटी संध्याकाळी, गाड्या तुंबलेल्या असताना. बाटली न्यायची नाही, फोन करायचा नाही, आणि भीती निम्म्यावर आल्याशिवाय जागा सोडायची नाही.

नवा पुतळा मी जवळून पहिल्यांदा पाहिला तो अशा एका पहाटे. संध्याकाळची पायरी मात्र जड गेली. पुलाच्या खांबाजवळ उभा होतो. एका बाजूला कुठल्यातरी आंदोलनाचा मांडव, भोंग्यावर भाषण. रिक्षावाले 'सिडको, सिडको' ओरडत होते. उस्मानपुऱ्याकडून येणाऱ्या गाड्यांचा धूर. हातात छोटी वही. भीती ९ लिहिलं. थोड्या वेळाने परत ९. पाय सिल्लेखान्याच्या दिशेने वळत होते, मी ते परत वळवले. ८ लिहिलं. एका बाईने येऊन विचारलं, "भाऊ, पैठण गेटला कसं जायचं?" मी रस्ता सांगितला, हात करून दाखवला. ती गेल्यावर वहीत पाहिलं आणि लक्षात आलं की मधली काही मिनिटं मी स्वतःच्या छातीकडे बघायचं विसरलो होतो. ५ लिहिलं.

बरं वाटू लागलं आणि मी पुन्हा चुकलो. एका १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीच्या गर्दीत, मॅडमना न विचारता स्वतःच स्वतःची परीक्षा घ्यायला गेलो. ढोल अंगावर आले, माणसांनी चारही बाजू बंद झाल्या आणि झटका आला. गल्लीत शिरून पळालो. मुलगा बरोबर होता. नंतर मॅडमना कंपनीत ऑडिट आहे असं कळवून भेटी रद्द करत राहिलो आणि गुपचूप बायपासने जाऊ लागलो. परत गेलो तेव्हा मान खाली होती. त्यांनी विचारलं, "गल्लीत किती वेळ थांबलात?" ओसरेपर्यंत. "गोळी घेतली?" नाही. "घरी कसे गेलात?" चालत, मुलाबरोबर, चौकातूनच. त्या म्हणाल्या, "मग यात पळालात कुठे?" या वाटेवर घसरण होतेच, ती लपवली तरच महागात पडते, असं त्यांनी पुन्हा सांगितलं. मला ते आधीही सांगितलेलं होतं.

मुलाशी बोलायला मी फार उशीर केला. एका रात्री त्याला वही दाखवली, तिन्ही रकाने. त्याने सगळी वाचली. मग म्हणाला, "मला पण अशी एक वही पाहिजे." आता तो त्याच मॅडमच्या एका सहकारी ताईंकडे जातो, मी खाली थांबतो, वर काय बोलणं झालं ते विचारत नाही.

आणि आई. मॅडमनी घरातल्या कुणाला असं होतं का विचारलं तेव्हा मी ठामपणे नाही म्हणालो होतो. पुढे वहीत लिहिता लिहिता आठवत गेलं. आई कधी गुलमंडीच्या बाजारात गेली नाही. एसटीत बसायची वेळ आली की आदल्या रात्रीपासून तिचं पोट बिघडायचं. माझ्या मावशीच्या लग्नात ती मांडवातून उठून गोठ्यात जाऊन बसली होती. "जीव घाबरा होऊ लागला," एवढंच म्हणायची. आम्ही लिंबूपाणी द्यायचो, आजी मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की हिला गर्दी सोसत नाही. तिच्या वाटची सगळी बाहेरची कामं आम्ही करत राहिलो, आणि त्याला प्रेम समजलो. प्रेम होतंही ते. पण तिचं जग त्याने लहान होत गेलं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, माझ्या तर मुळीच नाही.

मागच्या उन्हाळ्यात मी तिला घाटीत घेऊन गेलो. केसपेपर काढला, रांगेत बसलो. डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हा त्रास कधीपासून?" ती माझ्याकडे बघून म्हणाली, "हा पोटात होता तेव्हापासून." डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं. औषध सुरू आहे, थोडी झोप लागते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला आता पायऱ्या कसल्या, असं नात्यातल्या काहींचं म्हणणं पडलं. ते मी ऐकलं नाही. संध्याकाळी आम्ही दोघं कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत चालत जातो. पहिल्यांदा तिने माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठले. गेल्या आठवड्यात मेथीची जुडी तिने स्वतः निवडून घेतली, भावावरून भाजीवाल्याशी वादही घातला. बाजारात एकटं जायला ती अजून तयार नाही. त्यावर सध्या आमचं बोलणं चालू आहे.